अज्ञात चोरट्याविरुद्ध

सकाळचे साडेदहा. जळगावच्या गोलाणी मार्केटबाहेर दुचाकींची रांग लागली आहे. हँडलात हँडल अडकले आहे. सीटवर कुणी पुठ्ठा टाकलाय, कुणी ओला रुमाल, कुणी जुन्या चादरीचा तुकडा. वैशाखात इथे सीट उघडी ठेवून चालत नाही. काल पारा ४४ च्या वर होता, आजही तिकडेच निघाला आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. माहेरवाशिणी यायला लागल्या आहेत, लग्नाच्या तिथींना खंड नाही. खेड्यांतून बाजाराला आलेली माणसे सावली धरून भिंतीकडेने चालताहेत.

रांगेच्या टोकाशी एक गृहस्थ उभे आहेत. पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, धुळीने माखलेल्या चपला. उजव्या मुठीत चावी. ते रांगेतून वाकून वाकून चालतात. नंबर वाचतात. एमएच १९. एमएच १९. एक एमएच १८, धुळ्याची. पुन्हा एमएच १९. काळी स्प्लेंडर दिसली की थांबतात. चावी लावून बघावी म्हणून हात पुढे जातो आणि मागे येतो. या एका रांगेत काळ्या स्प्लेंडर कितीतरी आहेत.

“इथंच लावेल होती,” ते पानटपरीवाल्याला सांगतात.

“मागं बघा नाना. कोणी सरकवली असेल.”

नाना मागच्या बाजूला जातात. तिथेही रांग. तिथेही वाकून नंबर. पहिला अर्धा तास प्रत्येक जण हेच धरून चालतो. कोणी सरकवली असेल. कोणी चुकून नेली असेल. पोरगा घेऊन गेला असेल. पोराला फोन लागतो. पोरगा शेतात आहे, तो पाणी भरतोय. फोनवर थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

जुन्या गाडीचे कुलूप झिजलेले असते. घासून गुळगुळीत झालेली कुठलीही चावी त्यात फिरते. हँडल लॉक एका दणक्यात तुटते, आणि बाजाराच्या गलक्यात तो आवाज कुणाच्या कानावर पडत नाही. पंक्चर काढणारा मुलगा हे सगळे नानांना समजावून सांगतो. नाना ऐकतात. डोळे मात्र रांगेवरच आहेत.

मी थोडा पुढे निघतो. बँकेच्या दारात पायऱ्यांवर शेतकरी बसले आहेत. टोकन हातात, पासबुक पिशवीत, पिशवी मांडीवर. बागायती कापसाची लागवड जवळ आली आहे, बियाण्याला पैसे लागतात. कुणाच्या घरी लग्न आहे. म्हणून या दिवसांत रोकड निघते. आत पंखा फिरतो, पण हवा हलत नाही. भिंतीवर एक पाटी आहे: आपल्या सामानाची काळजी घ्यावी. पाटीखाली एक तरुण बराच वेळ फॉर्म भरतोय. कदाचित खरेच फॉर्म भरत असेल. माझ्या शेजारचा म्हातारा मात्र त्याच्याकडे पाठ करून नोटा मोजतो.

या भागातली चोरीची नेहमीची तऱ्हा सगळ्यांना पाठ आहे. आत पाळत ठेवणारा एक, बाहेर गाडीवर दोघे. पैसे डिक्कीत ठेवले जातात. माणूस निघतो, रस्त्यात चहाला थांबतो, किंवा दुकानातून पाव किलो फरसाण घ्यायला उतरतो. तेवढ्यात डिक्की उचकटली जाते. चारचाकी असेल तर कुणी सांगतो, मागचे चाक बसलेय. कुणी दहा-वीसच्या नोटा खाली टाकतो आणि म्हणतो, काका, तुमचे पैसे पडले. काका वाकतात, पिशवी जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात: अज्ञात चोरट्यांनी डिक्की तोडून रोकड लांबवली. या चार ओळी रोज वाचल्या जातात. घरी गेल्यावर त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जातात. पायऱ्यांवर बसलेल्या या माणसांच्या मांडीवरच्या पिशव्या इतक्या घट्ट धरलेल्या का आहेत, ते त्या ओळींमुळे कळते.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात लाकडी बाक आहे. नाना तिथे येऊन बसले आहेत. बाकावर आधीच तिघे. मोबाइल हरवलेली कॉलेजची मुलगी, डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस, आणि त्याच्यासोबत आलेला त्याचा मेहुणा. आत कूलर चालू आहे. त्याचा झोत टेबलाच्या बाजूला आहे, बाकापर्यंत फक्त ओल्या वाळ्याचा वास येतो. साहेब बंदोबस्तात आहेत. संगणकावर बसणारे कर्मचारी जेवायला गेले आहेत. ते आले तेव्हा वीज गेली आहे. वीज आली तेव्हा नेट नाही.

साडेबारा. एक. सव्वा वाजता नानांना आत बोलावतात.

“गाडी कुठं होती?”

“मार्केटबाहेर.”

“आजूबाजूला शोधलं का? आधी दोन दिवस शोधून बघा, मग या.”

नाना उठत नाहीत. उलटसुलट काही बोलतही नाहीत. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले आरसी बुक काढून टेबलावर ठेवतात. हवालदार ते उघडतो, बघतो, आणि बसा म्हणतो. त्याचाही दिवस पहाटेच सुरू झाला आहे. रात्री एका मिरवणुकीचा बंदोबस्त होता, डोळे लाल आहेत. पण ‘दोन दिवस शोधा’ या तीन शब्दांत किती नुकसान आहे, हे बाकावर बसलेल्या कुणाला ठाऊक नसते. गाडी दोन दिवसांत सातपुड्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि विमा कंपनीच्या फाइलमध्ये पहिला प्रश्न हाच येतो: चोरी एका तारखेची, फिर्याद दुसऱ्या तारखेची, मधल्या दोन दिवसांत तुम्ही काय करत होता?

फिर्याद टाइप होते. तिची भाषा ठरलेली आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहावयास असून शेती करून उदरनिर्वाह करतो. सदर मोटारसायकलचा आजूबाजूस शोध घेतला असता ती मिळून आली नाही. तरी माझी खात्री झाली की, कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीवाचून लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे. हे वाचून दाखवले जात असताना नाना मान हलवतात. त्यांनी यातला एकही शब्द उच्चारलेला नाही. त्यांनी सांगितले होते ते असे: पोरीच्या लग्नात घेतलेली गाडी आहे, साहेब, तिच्यावरच दूध घालायला जातो.

“किंमत किती लिहू?”

“घेतली तेव्हा पंच्याऐंशी हजाराला पडली होती.”

“आजची सांगा.”

नाना विचार करतात. “लिहा चाळीस.”

कलमाच्या रकान्यात ३०३(२) येते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हापासून चोरीचे कलम हे. त्याआधी १८६० च्या दंड संहितेतले ३७९ होते. शेजारच्या टेबलावरचे जुने जमादार कागदावर नवे कलम लिहितात आणि तोंडाने अजून तीनशे एकोणऐंशीच म्हणतात. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा तीच, ३ वर्षांपर्यंत. पण ती आरोपी सापडल्यावरची गोष्ट. नाना अंगठ्याजवळ पेन घट्ट धरून सही करतात. सही करताना तीन ठिकाणी घाम कागदावर पडतो.

ते बाहेर येतात आणि थेट आवारात जातात. कडुनिंबाखाली मुद्देमालाच्या गाड्या आहेत. शंभराच्या आसपास तरी असाव्यात. काही उभ्या, काही एकमेकींवर कलंडलेल्या. टायर जमिनीत रुतलेत. सीटचे रेक्झिन फाटून आतला पिवळा स्पंज बाहेर आलाय, त्यात मुंग्यांची रांग चालली आहे. एका टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने गुन्हा रजिस्टर नंबर लिहिलाय. त्यातला वर्षाचा आकडा गंजाने खाल्ला आहे. एका स्कूटरच्या हुकला लहान मुलाची पाण्याची बाटली अडकलेली आहे, निळी, उन्हाने पांढरट पडलेली.

या गाड्या सापडलेल्या आहेत. तरीही त्या इथेच आहेत. चासी नंबर घासून काढलेला असतो, मालक कळत नाही. मालक कळला तर त्याला न्यायालयातून सुपुर्दनामा करून गाडी सोडवावी लागते. वकिलाची फी, दोन-तीन तारखा, बंधपत्र. जुन्या गाडीसाठी एवढे कोण करणार? विम्याचे पैसे मिळून गेले असतील तर गाडी कंपनीची होते, आणि कंपनीला ती नेणे परवडत नाही. नाना एकेका गाडीजवळ जाऊन वाकतात. कडुनिंबाच्या निंबोळ्या पायाखाली फुटतात.

पोलिसांच्या पत्रकांत अशा गाड्यांची वाट वारंवार येते. जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर, आणि तिथून पुढे मध्य प्रदेशची हद्द. सातपुड्यातल्या पाड्यांवर कागद नसलेली गाडी थोडक्या पैशांत विकली जाते. ज्या पाड्यावर दवाखान्याला जायला दुसरे साधन नाही, तिथला एखादा मजूर ती घेतो. पुढे पोलीस पोहोचतात तेव्हा चोरीचा माल घेतल्याचे कलम ३१७ त्याच्यावर लागते. त्याचे पैसे जातात, गाडी जाते, आणि वर तारखा सुरू होतात. मूळ चोर बहुधा कुठल्या तरी तिसऱ्या गावात पुढच्या रांगेजवळ उभा असतो.

अजिंठा रस्त्यावर गाडीच्या काचा बसवणारे दुकान आहे. पत्र्याचे छप्पर, पुढे ताडपत्री. दुपारचे अडीच. ताडपत्रीखाली एक पांढरी कार उभी आहे. मागच्या दाराची काच नाही. गाडीतला पोरगा गुडघ्यांवर बसून ब्रशने सीट झाडतोय. बाजूची काच फुटली की तिचे टोकदार तुकडे होत नाहीत, साबुदाण्यासारखे दाणे होतात. ते दाणे सगळीकडे गेलेत. सीटच्या शिवणीत. सीटबेल्टच्या खाचेत. मागे ठेवलेल्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर, पत्रिकांना लावलेल्या हळदीकुंकवात. पोरगा एक पत्रिका उचलून झटकतो, पुन्हा नीट ठेवतो.

स्टुलावर एक बाई बसल्या आहेत. चाळिशीच्या. नवरा दुकानदाराशी बोलतोय. हे लोक लग्नाच्या खरेदीला आले होते. सोने घ्यायला सगळा खानदेश जळगावच्या सराफ बाजारात येतो, पलीकडून बुऱ्हाणपूरकडचेही येतात. दागिने अंगावर नकोत म्हणून बाईंनी ते पर्समध्ये ठेवले, पर्स सीटखाली. वाटेत एका लग्नाला म्हणून मंगल कार्यालयाबाहेर गाडी लावली. जेवण करून आले तर काच फुटलेली, पर्स नव्हती.

“किती तोळ्याचं होतं?” दुकानातला एक गिऱ्हाईक विचारतो.

बाई उत्तर देत नाहीत. पदर डोक्यावरून पुढे ओढतात. थोड्या वेळाने नवऱ्याला म्हणतात, “आईची पोत होती.” पोतीची पावती नाही. आईला तिच्या सासूने दिलेली, तिची पावती कुठून येणार? फिर्यादीत किंमत लिहिताना तोच प्रश्न येणार आहे.

नवरा फोन स्पीकरवर ठेवून विमा एजंटशी बोलतोय. एजंट शांतपणे सांगतो. मोटार पॉलिसी गाडीची आहे, गाडीतल्या पिशवीची नाही. पर्स, लॅपटॉप, रोकड, दागिने यांतले काहीही तिच्यात बसत नाही. काच बसते. उलट काचेवर घसारा धरतच नाहीत. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी यांच्या भरपाईत निम्मी रक्कम कापली जाते, काचेची पूर्ण धरतात. फक्त १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपले. आणि हो, दावा केला की यंदाचा नो क्लेम बोनस गेला.

“म्हणजे?”

“पाच वर्षं दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते दादा. ती शून्यावर येते.”

नवरा दुकानदाराकडे बघतो. काचेचे दोन हजारांच्या आत होणार आहेत. तो खिशातून नोटा काढतो. दावा होत नाही. पुष्कळ जण काचेसाठी फिर्यादही देत नाहीत. शहरात किती काचा फुटल्या याचा खरा आकडा म्हणूनच कुठल्या तक्त्यात सापडायचा नाही. तो या दुकानाच्या मागे, पोत्यात भरून ठेवलेला आहे. अशी तीन पोती मी पाहतो.

नवी काच खाचेत उतरते. बाई उठतात, मागच्या सीटवर बसण्याआधी हाताने सीट चाचपून बघतात. बोटाला एक दाणा लागतो. तो त्या खिडकीबाहेर टाकत नाहीत, मुठीत धरून ठेवतात.

एसटीने धुळ्याकडे निघालो आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी. नव्वदेक किलोमीटर. खिडकीची काच तापलेली, बाहेरून येणारा वारा त्याहून तापलेला. नांगरून पडलेली काळी शेते, मधेच केळीची हिरवी चौकट. रस्ता सुरत-नागपूर महामार्ग, आताचा क्रमांक ५३. ट्रकमागून ट्रक.

पारोळ्याच्या पुढे एका ढाब्यावर गाडी थांबते. शेवभाजीच्या फोडणीचा ठसका बाहेर रस्त्यापर्यंत आलाय. मागच्या मोकळ्या जागेत ट्रक ओळीने उभे आहेत. ट्रकच्या सावलीत खाटा. एक चालक केबिनमध्ये झोपलाय, त्याचा जोडीदार डिझेलच्या टाकीलगत खाट टाकून पडलाय, टाकीकडे तोंड करून. टाकीच्या झाकणाला कुलूप, कुलपावर तारेचे वेटोळे.

“झोप लागते का?” मी विचारतो.

“रात्री नाही लागत,” तो म्हणतो. “नळी टाकून दोनशे लिटर ओढून नेतात. मालकाला सांगावं तर मालक पगारातून कापतो.” मागच्या ताडपत्रीला सुतळीने शिवलेली एक लांब चीर तो दाखवतो. चीर सरळ आहे, ब्लेडने मारल्यासारखी. चढावर गाडी हळू झाली की मागून चढतात, खोकी खाली टाकतात. चालकाला आरशात काही दिसत नाही. मालवाहू गाडीतून माल चोरणे हे नव्या संहितेत कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. या चालकाने आजवर एकदाही फिर्याद दिलेली नाही. फिर्याद द्यायची तर गाडी थांबवायची, आणि माल सुरतेला उद्या सकाळी पोहोचायचा आहे.

धुळे हे रस्त्यांच्या चौकाचे गाव. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन महामार्ग इथे एकमेकांना कापतात, सोलापूरकडचा रस्ताही इथूनच फुटतो. पश्चिमेला नवापूरपलीकडे गुजरात, उत्तरेला बिजासन घाट चढला की मध्य प्रदेश. रात्री बाराला निघालेली गाडी उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात असते.

संध्याकाळचे पाच. आग्रा रोडवर ऊन कलले आहे, पण डांबर अजून पायाला भाजते. पाचकंदीलजवळ एका अरुंद जिन्यावरून वर गेले की विमा एजंटची खोली. सहा खुर्च्या, सहाही भरलेल्या. दोघे जिन्यावर. टेबलावर फायलींचा ढीग, फायली उडू नयेत म्हणून वर ठेवलेला पितळी तांब्या, सोनगीरचा.

पहिल्या खुर्चीत यंत्रमागावर काम करणारा एक पोरगा आहे. चोविशी-पंचविशीचा. केसात कापसाचे तंतू. गाडी गेल्याला महिना झाला. गाडी नाही, पण दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता खात्यातून जातो. अजून चौदा हप्ते बाकी.

“मनी गाडी गयी भाऊ,” तो एजंटला सांगतो, “पण इन्शुरन्स शे ना. पाच सालना शे.”

एजंट पॉलिसीचा कागद सरळ करतो. चष्मा लावतो. बोट एका ओळीवर ठेवतो, मग त्याखालच्या ओळीवर. एकाच पानावर दोन तारखा आहेत. एक पाच वर्षांनंतरची. ती थर्ड पार्टीची, म्हणजे तुझ्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ती ५ वर्षांची एकदमच घ्यावी लागते, नव्या कारला ३ वर्षांची. तिच्या वरची तारीख ओडीची, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची, चोरीची. ती एका वर्षाचीच होती. ती कधीच उलटून गेली आहे.

पोरगा दोन्ही ओळी पुन्हा वाचतो. कागदाला बोट लावून वाचतो. अक्षरे बारीक आहेत.

“मग आते?”

एजंट पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवतो. तो बराच वेळ काही बोलत नाही. मलाही त्या खोलीत मान वर करून बघणे जड जाते. कंपनीने फसवलेले नाही, पोराने हप्ता चुकवलेला नाही, सगळे छापलेले आहे. फक्त गाडी घेताना, शोरूममध्ये पेढे वाटले जात असताना, या दोन ओळी त्याला कुणी वाचून दाखवल्या नाहीत.

दुसऱ्या खुर्चीत निवृत्त शिक्षक आहेत. मांडीवर जाडजूड फाइल, तिला नाडी. त्यांची पॉलिसी चालू आहे. त्यांनी चोरीच्या दिवशीच फिर्याद दिली. आरटीओला पत्र दिले, त्याची पोच घेतली. फॉर्म २८, २९, ३० सह्या करून तयार. कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, बँकेचा नाहरकत दाखला. दोन्ही चाव्या एका पाकिटात, पाकिटावर गाडीचा नंबर. ही दुसरी चावी अनेकांचा दावा अडवते. एकच चावी दिली की दुसरी कुठे आहे, गाडी चावीसकट सोडली होती का, असे प्रश्न सुरू होतात. सरांनी दुसरी चावी देवघरातल्या डब्यात ठेवलेली होती.

सरांचे अडलेय ते वेगळ्याच ठिकाणी. गाडी सापडत नाही, असा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो. त्याला अ समरी म्हणतात: गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. तपास अधिकारी तो पाठवणार, न्यायालय तो मंजूर करणार, मग कंपनी पुढे सरकणार. तपास अधिकारी मधे बदलले. नवे अधिकारी निवडणूक बंदोबस्तात होते. आता ते आहेत, तर कोर्टाला उन्हाळी सुटी. सर तक्रारीच्या सुरात बोलत नाहीत. तारखा सांगतात, एकही कागद न बघता.

“मिळणार किती?” मी विचारतो.

तेही त्यांना तोंडपाठ आहे. नवी गाडी ८५,००० ची. तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे चालू, म्हणजे तक्त्याप्रमाणे ४० टक्के घसारा. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५१,०००. त्यातून १०० रुपये वजा. पाच वर्षांपुढे तर तक्ताच नाही, कंपनी आणि तुम्ही ठरवाल तो आकडा.

फाइलच्या शेवटी एका निकालाची झेरॉक्स आहे. जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. फिर्याद लगेच दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून चोरीचा दावा फेटाळता येत नाही. सरांनी महत्त्वाच्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारली आहे, वहीत मारतात तशी, पट्टी धरून. सरांना त्याची गरज नाही, त्यांनी कंपनीलाही वेळेत कळवले होते. ही झेरॉक्स ते जिन्यावर बसणाऱ्या इतरांसाठी ठेवतात. आजही एकाला देतात. दावा फेटाळला तर विमा लोकपालाकडे जायला पैसे लागत नाहीत, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, असे त्याला सावकाश समजावतात. यंत्रमागावरचा पोरगा तेही ऐकतो. त्याच्या उपयोगाचे त्यात काही नाही.

रात्र. धुळ्याच्या देवपुरात वीज गेली आहे. पांझरेत पाणी नाही, पात्रातून गरम हवा येते. घराघरांतून गाद्या गच्चीवर चढताहेत. खानदेशात उन्हाळ्यात लोक वर झोपतात आणि चोर खाली शिरतात, हे इथले जुने दुःख आहे. म्हणून वर येण्याआधी खालचे दार, ग्रिल, ग्रिलचे कुलूप, मग कपाटाचे कुलूप. एक आजी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून जिना चढते. वर आल्यावर पुन्हा एकदा नातवाला खाली पाठवते, कडी लावलीय का बघून ये.

गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा आहे. वीज नसल्याने त्याचा लाल दिवा बंद आहे. त्याखाली दहा-बारा तरुण जमलेत. काठ्या, शिट्ट्या, मोबाइल. गस्त आहे. प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ आलाय. तोंड बांधलेली माणसे, हातात काहीतरी, खाली मजकूर: आपल्या भागात टोळी आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणाला माहीत नाही. तो या गल्लीतला नाही, एवढे भिंती बघून मला कळते. तरुणांनाही कळत असावे. तरी तो पुढे जातो.

एक कुल्फीवाला हातगाडी ढकलत घरी चाललाय. त्याला अडवतात. नाव काय, कुठला, आधार कार्ड दाखव. तो राजस्थानचा आहे, तीन उन्हाळे याच गल्लीत कुल्फी विकतोय. बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर आहे. हात थरथरताहेत, कार्ड पाकिटातून निघत नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ गच्चीवरून ओरडतात, “अरे, आपला कुल्फीवाला आहे तो, सोडा!” झोत खाली येतो. कुल्फीवाला निघून जातो. घंटी वाजवत नाही.

याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसे ठार मारली. मंगळवेढ्याकडून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मजकूर मोबाइलवर फिरत होता. टोळी नव्हती. त्या दिवशी गच्चीवरून ओरडणारे कुणी नव्हते, किंवा त्याचा आवाज पोहोचला नाही. भटक्यांकडे चोर म्हणून बघायची सवय या देशाला कायद्याने लावली होती, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. तो कायदा जाऊन १९५२ पासून ही माणसे विमुक्त झाली. गावाबाहेर पालांची वस्ती उतरली की अजूनही पहिली चौकशी तिथेच होते.

गस्तीतली ही पोरे वाईट नाहीत. एकाची दुचाकी गेली आहे, एकाच्या मावशीचे बंद घर फोडले आहे. त्यांच्या फिर्यादींचे पुढे काय झाले, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला कळवावे, असे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. मी विचारतो. कुणालाच असा निरोप आलेला नाही, असा नियम आहे हेही माहीत नाही. ठाण्यातून काही कळत नाही, मोबाइलवरून सगळे कळते. ही भीती मला त्या मधल्या रिकाम्या जागेत वाढताना दिसते. पोलिसांनी दर महिन्याला प्रत्येक फिर्यादीला एक ओळीचा निरोप पाठवला, तरी या काठ्यांतल्या निम्म्या खाली बसतील, असे मला मनापासून वाटते.

संशय आला तर ११२ ला फोन करा, माणसाला अडवून मारू नका. आणि आज रात्री गस्तीला उतरण्याआधी घरातली पॉलिसी काढा. तिच्यावर दोन तारखा आहेत. ओडीची तारीख वाचा, उलटली असेल तर उद्या भरा. शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याचीही बघा. दुसरी चावी कुठे आहे ते घरात विचारा. गाडी गेलीच तर त्याच दिवशी फिर्याद द्या. ठाण्यात घेतली नाही, तर तोच मजकूर लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. घेतली, तर प्रत हातात आल्याशिवाय बाकावरून उठू नका. ती प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसे लिहिले आहे.